बाबांच्या गोळ्यांबद्दल

नागपूर, शनिवार

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

मी उद्या पहाटेच ताईकडे निघते. तू दुपारी पोचशील तेव्हा बाबा म्हणतील, "मला सगळं ठाऊक आहे, तू आपला आराम कर." ठाऊक त्यांना आहेच. तरी लिहून ठेवते, कारण या खेपेला एक गोष्ट नवीन आहे.

डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी बदलली आहे. एटोरवास्टॅटिन बंद आणि रोसुवास्टॅटिन सुरू. रक्त पातळ करायची असिट्रॉम मात्र तीच आहे. दोन्ही सोबत चालतात, त्याची धास्ती घेऊ नकोस. ठोके अनियमित पडतात म्हणून हृदयात गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ नये, हे असिट्रॉमचं काम. रक्तवाहिन्यांत चरबीचा थर चढू नये, हे दुसरीचं. बाबांना दोन्ही लागतात. पण रोसुवास्टॅटिन नवीन सुरू केली की असिट्रॉमचा जोर वाढू शकतो. जुन्या गोळीने तसा फरक सहसा पडत नाही. म्हणून सोमवारी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायची तपासणी, करायची आहे. लॅबवाला घरी येऊन रक्त नेईल, उपाशी राहायची गरज नाही. बाबांचा आकडा 2 ते 3 च्या मधे हवा. वर गेला तर रक्तस्रावाची भीती, खाली गेला तर गुठळीची. आकडा काहीही येवो, गोळी अर्धी करायची की तेवढीच ठेवायची हे डॉक्टर सांगतील. तू नाही, बाबा तर नाहीच नाही. रिपोर्टचा फोटो आधी डॉक्टरांना पाठव, मग मला.

एटोरवास्टॅटिनच्या उरलेल्या स्ट्रिप मी माझ्या कपाटात ठेवल्या आहेत. तुझ्या बाबांचा स्वभाव तुला माहीत आहे, "पैसे दिलेत, संपवून टाकतो" म्हणून दोन्ही घेतील. विचारलं तरी देऊ नकोस. आणि औषधाच्या दुकानात नवीन स्ट्रिप घेताना मागचं नाव वाच. कोलेस्टेरॉलची गोळी, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकाच कॅप्सूलमधे असलेलीही मिळते. "तीच आहे, फक्त कंपनी वेगळी" असं सांगून तसली हातात आली, तर रक्त पातळ करणारं औषध नकळत वाढतं.

असिट्रॉम रोज संध्याकाळी सातला. कोणत्या वाराला एक आणि कोणत्या वाराला अर्धी, ते कॅलेंडरवर लिहिलं आहे. विसरली आणि त्याच रात्री आठवलं तर द्यायची. दुसऱ्या दिवशी आठवलं तर ती सोडून द्यायची, डबल द्यायची नाही. रोसुवास्टॅटिन केव्हाही चालते, आम्ही रात्री जेवणानंतर ठेवली आहे. बाबा रस्सा चापून आले की गुलाबी ॲसिडिटीचं औषध पितात. ते या गोळीनंतर दोन तास तरी द्यायचं नाही, नाहीतर गोळी अंगी नीट लागत नाही.

आता खाण्याचं. लोक सांगतात, रक्त पातळ करायची गोळी आहे तर पालेभाजी बंद करा. तसं काही करायचं नाही. हिरव्या पाल्यात व्हिटॅमिन के असतं आणि ते या गोळीच्या उलट काम करतं, पण गोळीचा डोस रोजच्या खाण्याकडे बघूनच बसवलेला असतो. जेवढी मेथी-पालक आठवड्यात होते तेवढी होऊ दे. खरी अडचण सांबारवडीची, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीची आहे. हिवाळा आहे, सांबार स्वस्त आहे, आणि शेजारच्या काकू ताट भरून पाठवतील. एखादी वडी खाल्ली तर काही नाही. सलग दोन-तीन दिवस त्यावरच जेवण केलं तर आकडा खाली येतो. काकूंना नाही म्हणू नकोस, तू खा.

संत्री खाऊ देत. आंबट फळाने या गोळ्या बाधतात असं मोहल्ल्यात कुणीतरी पसरवलं आहे. ते चकोतऱ्याबद्दल आणि पपनसाबद्दल आहे, तेही आधीच्या गोळीसाठी. आपल्या संत्र्याचा त्यात दोष नाही.

मला जास्त काळजी मधेच येणाऱ्या तिसऱ्या औषधाची वाटते. गुडघा दुखला की बाबा कोपऱ्यावरच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घरात येऊ द्यायच्या नाहीत. असिट्रॉमसोबत पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालते, पण रोज लागायला लागली तर डॉक्टरांना कळव. जुलाब झाले तर मेट्रोनिडाझोल मनानं देऊ नकोस, तिनं आयएनआर फार चढतो. मामांनी पाठवलेला लसणाच्या कॅप्सूलचा डबा मी परत केला आहे. दुसरा आला तर तोही परत कर. दात काढायचा असो की दंडात इंजेक्शन, आधी असिट्रॉमचं नाव सांगायचं.

हिरड्यांतून रक्त थांबत नसेल, शौच काळी किंवा लघवी लाल झाली, न लागता अंगावर मोठे काळेनिळे डाग उठले, तर थेट दवाखान्यात ने. डोक्याला मार बसला तर वरून खरचटलेलं नसलं तरी ने. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर वाट बघायची नाही, माझ्या फोनचीही नाही. कष्ट न करता मांड्या-दंड दुखू लागले किंवा लघवी चहासारखी गडद दिसली, तर ते कोलेस्टेरॉलच्या गोळीचं असू शकतं. डॉक्टरांना त्याच दिवशी सांग, पण गोळी स्वतःहून बंद करू नकोस.

फाइल देवघराच्या खालच्या खणात आहे. सध्याच्या गोळ्यांचा कागद सगळ्यात वर लावलाय, त्याचा फोटो आत्ताच मोबाइलमधे काढून घे.

तुझी,
आई