तो पिवळा दिवा काय सांगतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवी गाडी घेताना 'ईएसपी आहे का, ट्रॅक्शन कंट्रोल आहे का' हे हल्ली आवर्जून विचारलं जातं (ईएसपी म्हणजेच स्टॅबिलिटी कंट्रोल; दोन्ही यंत्रणा गाडी घसरू नये म्हणून असतात). चांगलंच आहे. पण चालत्या गाडीत, घसरणाऱ्या मोटारीचं चित्र असलेला पिवळा दिवा लुकलुकला, तर त्याचा अर्थ काय? बरेच जण 'सेन्सर गेला असेल' म्हणून मोकळे होतात. काही महाभाग तर 'ऑफ'चं बटणच दाबून टाकतात!

दिवा लुकलुकतोय म्हणजे यंत्रणा त्या क्षणी कामाला लागली आहे. चाकाची पकड सुटत होती, ती तिने सावरली. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय अलगद उचलावा आणि जायचंय तिकडेच स्टिअरिंग धरून ठेवावं. गाडी सुरू झाल्यावरही दिवा विझला नाही, एकसारखा पेटून राहिला, तर मात्र यंत्रणा बंद तरी आहे किंवा बिघडलेली तरी.

ट्रॅक्शन कंट्रोलचं काम तसं मर्यादित. वेग घेताना चाक नुसतंच गरगरू लागलं, तर ते इंजिनाचा जोर कमी करतं किंवा त्या चाकाला ब्रेक लावतं. खरी करामत स्टॅबिलिटी कंट्रोलची. स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय, हे ते सतत ताडून पाहत असतं. वळणावर गाडी सरळच निघाली, तर साधारणपणे आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लागतो. मागचा भाग बाहेर फेकला जाऊ लागला, तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला. कितीही कसलेला ड्रायव्हर असो, त्याच्या पायाखाली ब्रेकचं पेडल एकच असतं; हे त्याला जमणारच नाही.

१९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मासिकाच्या चाचणीत, अडथळा चुकवताना मर्सिडीजची नवी ए-क्लास उलटली. त्यानंतर कंपनीने त्या मॉडेलवर ईएसपी सरसकट बसवलं. पुढे अमेरिकेत २०१२च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली.

तरीही ती पकड निर्माण करत नाही, आहे तीच नीट वापरते. टायर गुळगुळीत झालेला असेल किंवा पाण्यावर तरंगू लागला असेल, तर कुठल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर जवळपास चौपट होतं. ईएसपी असलेल्या गाडीचंही होतं.

मग ते बटण दिलंय कशाला? चिखलात, वाळूत किंवा बर्फात गाडी रुतली, तर चाक थोडं फिरल्याखेरीज ती निघत नाही आणि ट्रॅक्शन कंट्रोल नेमकं तेच होऊ देत नाही. तेवढ्यापुरतं ते बंद करावं, गाडी बाहेर आली की लगेच सुरू करावं. अनेक गाड्यांत बटण नुसतं दाबलं तर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतं, दाबून धरलं तर स्टॅबिलिटी कंट्रोलही जातं. आपल्या गाडीत काय होतं, ते मॅन्युअलमध्ये एकदा पाहून ठेवावं.

गॅरेजबद्दलही थोडं. चारही चाकांना कंपनीने सांगितलेल्या मापाचेच टायर हवेत, कारण ही सगळी आकडेमोड चाकांच्या वेगावर चालते. व्हील अलाइनमेंट करून आल्यावर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहत असेल, तर गाडी तशीच पळवू नये. परत नेऊन ते सरळ करून घ्यावं आणि स्टिअरिंग किती वळलंय ते मोजणारा 'स्टिअरिंग अँगल सेन्सर' नव्याने कॅलिब्रेट करायला, म्हणजे त्याचं माप पुन्हा जुळवायला सांगावं.

आपला,
एक वाचक