जाहिरातीपेक्षा जावक क्रमांक महत्त्वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘परदेशी विद्यापीठात इंग्रजी सहाय्यक शिक्षक व्हा, पदवी कोणतीही चालेल, परीक्षेची गरज नाही’ अशा आशयाच्या जाहिराती नाशिकच्या कॉलेज रोडवर, कॅनडा कॉर्नरला आणि आता प्रत्येकाच्या मोबाइलवर झळकतात. एम.ए. इंग्रजी करून वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवणारी आपली मुले-मुली त्यांकडे आशेने पाहतात, यात नवल काहीच नाही. काम खरोखर आहे, चांगले आहे आणि नाशिकच्या पोरांना जमण्यासारखे आहे. पण त्यांचे अर्ज अडतात ते बहुतेक वेळा इथे नाशिकातच, महाविद्यालयाच्या कार्यालयातल्या टेबलावर. म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी कोणते दार कोणासाठी उघडे आहे ते पाहू. चीनमध्ये भाषाशिक्षकाने आपली मातृभाषाच शिकवावी असा दंडक आहे आणि इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांत आपल्याला धरत नाहीत. तिथे व्यवसाय किंवा विद्यार्थी व्हिसावर नेऊन ‘नंतर बदलून देऊ’ म्हणणारा माणूस तुम्हाला बेकायदा कामाला लावतो. पकडले गेल्यावर दंड आणि हकालपट्टी शिक्षकाच्या वाट्याला येते, एजंटाच्या नाही. दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा, म्हणजे परदेशी भाषाशिक्षकांचा व्हिसा, मुळात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी. भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाल्यावर भारतीयांना सहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून वाट मिळाली, मात्र ती शाळांपुरती आणि शिक्षकपात्रतेचे प्रमाणपत्र असेल तरच. फ्रान्समधल्या विद्यापीठांत ‘लेक्तॉर’ नावाचे भाषाशिक्षकाचे पद असते. करार एक वर्षाचा, साधारणपणे एकदाच वाढवून मिळणारा. जागा ज्या त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर निघतात आणि कामापुरते फ्रेंच येत असेल तरच तिकडे वळावे.

आखाती देशांतले काम वेगळ्या प्रकारचे. ओमान, सौदीकडे विद्यापीठात प्रवेश घेतलेल्या मुलांना पहिले वर्षभर इंग्रजीचा पायाभूत अभ्यासक्रम करावा लागतो आणि त्यासाठी भारतीय शिक्षक पूर्वीपासून घेतले जातात. तिथे एम.ए., दोन-तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव आणि अध्यापनाचे प्रमाणपत्र असा मेळ लागतो.

खऱ्या अर्थाने ‘टीचिंग असिस्टंट’ म्हणतात ते काम अमेरिकेत, एम.ए. किंवा पीएच.डी.ला प्रवेश घेणाऱ्यांना मिळते. फी माफ, महिन्याला स्टायपेंड, आणि बदल्यात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम. सत्र चालू असताना एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर याहून जास्त काम करता येत नाही, आणि सोबत गेलेल्या जोडीदाराला एफ-२ व्हिसावर नोकरी करता येत नाही. स्टायपेंडमध्ये दोघांचा खर्च बसवण्याचा बेत करणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे. फुलब्राइट या अमेरिकी शासनाच्या शिष्यवृत्तीची भाषा सहाय्यक योजना आणखी वेगळी. तिची निवड भारतात यूएसआयईएफ (अमेरिका-भारत शैक्षणिक प्रतिष्ठान) करते, अर्जाला शुल्क नाही, एक शैक्षणिक वर्ष अमेरिकी विद्यापीठात राहता येते. पण तिथे शिकवायची असते हिंदी, उर्दू, बंगालीसारखी आपली भाषा, इंग्रजी नव्हे. इंग्रजीच्या तरुण शिक्षकांना मात्र ती फार उपयोगी आहे, कारण परत आल्यावर वर्ग घेण्याची रीतच बदललेली असते. तिच्यासाठी मिळणाऱ्या जे-१ व्हिसामुळे नंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागते, हेही आधीच ठाऊक असावे.

आता कागदपत्रांकडे वळतो. खरी गळती इथेच आहे.

आपल्या गुणपत्रिकेवर नाव ‘पवार मनीषा अशोक’ असे आडनावापासून सुरू होते, पुढे किंवा खाली आईचे नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि उरलेले सगळे दुसऱ्या रकान्यात. परदेशी कारकून पहिला शब्द म्हणजे पाळण्यातले नाव समजतो, मग प्रवेशपत्र एका नावाने, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दुसऱ्या नावाने आणि व्हिसाचा अर्ज तिसऱ्या नावाने निघतो. उपाय सोपा आहे: परीक्षेच्या नोंदणीपासून विमान तिकिटापर्यंत प्रत्येक फॉर्म पासपोर्ट समोर ठेवून भरायचा आणि ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून ठेवायचे. लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह नोंदणी दाखला आणि राजपत्रातली नोंद दोन्ही जवळ असू द्यावे. ज्यांच्या पदवीवर ‘पुणे विद्यापीठ’ आणि नंतरच्या ट्रान्सस्क्रिप्टवर (विद्यापीठाने दिलेल्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यावर) ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ आहे त्यांनी २०१४ मध्ये नाव बदलल्याचा एक ओळीचा खुलासा सोबत जोडावा. नाहीतर ती दोन विद्यापीठे वाटतात.

पदवी प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. आपल्याकडे पदवी घरी आली की पहिली धाव लॅमिनेशनच्या दुकानाकडे असते. साक्षांकनाचा शिक्का कागदाच्या पाठीवर उमटावा लागतो, प्लास्टिकवर तो चालत नाही, आणि प्लास्टिक सोलताना सही-शिक्क्यासकट कागद निघतो. मग विद्यापीठाकडून दुय्यम प्रत काढण्याची वेळ येते. साक्षांकनाचा क्रम असा: आधी राज्य शासनाच्या पातळीवर पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे करारातल्या सर्व देशांत चालणारा साक्षांकनाचा शिक्का. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. ओमान २०१२ पासून, सौदी अरेबिया २०२२ पासून, त्यामुळे तिकडे आता दूतावासाचे खेटे नाहीत. अमिराती, कतार, कुवेत यांच्यासाठी मात्र दूतावासाचे साक्षांकन लागते. मंत्रालयाचे अपोस्टिल शुल्क कागदामागे ५० रुपये आहे. त्यावर अधिकृत सेवा केंद्राचा थोडा आकार पडतो. यापुढे जे हजारो रुपये सांगितले जातात ते मध्यस्थाचे. ‘दिल्लीहून दोन दिवसांत करून देतो’ म्हणणारे राज्याची पडताळणी टाळून उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा शिक्का मारून आणतात. काही दूतावास तो मान्य करत नाहीत, म्हणून आधी विचारून घ्या. चारित्र्य पडताळणी दाखला म्हणजे पीसीसी पासपोर्ट सेवा केंद्रातून निघतो, शुल्क ५०० रुपये. तो फार लवकर काढू नये, कारण बहुतेक ठिकाणी काही महिन्यांपूर्वीचाच चालतो.

मुक्त विद्यापीठाच्या पदवीधरांना एक सावधगिरीचा शब्द. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्या गावचे आहे, त्याची पदवी मान्यताप्राप्त आहे. पण काही आखाती देशांत नोकरीसाठी नियमित वर्गात शिकल्याचे पत्र मागतात. तिथे दूरशिक्षणाची पदवी अडते. भरतीच्या जाहिरातीत हे नेहमी लिहिलेले नसते, तेव्हा साक्षांकनावर खर्च करण्यापूर्वी ईमेलने लेखी विचारावे.

अनुभव प्रमाणपत्राबद्दल जरा विस्ताराने सांगायला हवे. ‘सदर उमेदवाराने आमच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर समाधानकारक काम केले असून त्यांची वर्तणूक चांगली आहे’ या मजकुराचा परदेशात काडीचा उपयोग नाही. तिथल्या छाननी करणाऱ्याला हवे असते ते असे: रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, शिकवलेले वर्ग आणि विषय, वर्गातली साधारण विद्यार्थीसंख्या, पूर्णवेळ की अंशकालीन, महाविद्यालयाचे लेटरहेड, जावक क्रमांक, सही करणाऱ्याचे पूर्ण नाव व पद, आणि महाविद्यालयाच्या स्वतःच्या डोमेनवरचा ईमेल. अमेरिका-युरोपला ‘तासिका तत्त्व’ ही चीजच माहीत नाही. म्हणून त्याचे वर्णन तासांत करावे. ‘आठवड्याला १२ तास, दोन सत्रे, द्वितीय वर्ष बी.ए.’ असे लिहिले की समोरच्याला उलगडा होतो. आणि खरे तेवढेच लिहावे, कारण पुढे पडताळणी होतेच.

त्या पडताळणीचा ईमेल महाविद्यालयाच्या इनबॉक्समध्ये येतो आणि तिथेच पडून राहतो. कुलसचिव किंवा मुख्य लिपिक तो उघडत नाहीत, उघडला तर ‘इंग्रजी विभागाकडे पाठवा’ म्हणतात, विभागप्रमुख रजेवर असतात. काही दिवसांची मुदत टळली की उमेदवाराची फाइल बंद होते, आणि उमेदवाराला कारणही कळत नाही. शिफारसपत्रांचे तेच. आता विद्यापीठे शिफारस करणाऱ्या प्राध्यापकाला थेट लिंक पाठवतात. आपल्याकडे मात्र ‘तू लिहून आण, मी सही करतो’ हा रिवाज. मग तीन प्राध्यापकांची तीन पत्रे एकाच विद्यार्थ्याच्या शैलीत, एकाच चुकांसह पोहोचतात आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या परिच्छेदातच कळते. चांगल्या शिफारसपत्रात एखादे ठोस निरीक्षण असते: या मुलीने प्रथम वर्षाच्या वर्गाकडून निबंधाचे दोन खर्डे कसे करून घेतले, किंवा न बोलणाऱ्या मुलांना गटात कसे बोलते केले. ते प्राध्यापकानेच लिहायला हवे.

शिकवण्याच्या तयारीचे पाहू. ऑनलाइन मिळणारी १२० तासांची प्रमाणपत्रे पुष्कळ आहेत. पण त्यांत वर्ग घेण्याचा सराव नसेल तर चांगले विद्यापीठ त्यांना फारसे विचारत नाही. केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी अध्यापनाच्या प्रमाणपत्राचेही साधारण १२० तासच, फरक एवढा की त्यात निरीक्षकासमोर खऱ्या विद्यार्थ्यांना किमान ६ तास शिकवावे लागते. तो खर्च झेपत नसेल तर हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठाचे अध्यापनाचे अभ्यासक्रम पाहावेत.

मुलाखतीत दहा-पंधरा मिनिटांचा नमुना पाठ घ्यायला सांगतात आणि आपले बहुतेक उमेदवार तिथे पडतात. फळ्यावर ‘प्रेझेंट परफेक्ट टेन्स’ लिहून, व्याख्या सांगून, सूत्र उतरवून देणे म्हणजे शिकवणे अशी आपली सवय आहे. तिथे पाहतात की पंधरा मिनिटांत विद्यार्थी किती बोलले. समजा वर्गात वीस मुले आहेत. रिकामा डबा आणि भरलेला डबा अशी दोन चित्रे दाखवा, ‘काय घडून गेले असेल?’ असे विचारा, मुलांच्या तोंडून आलेली दोन-तीन वाक्ये फळ्यावर घ्या, मग जोड्या करून प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायला लावा. ‘समजले का?’ असे कधीही विचारू नका, त्यावर जगातला प्रत्येक वर्ग मान डोलावतो. त्याऐवजी ‘डब्यात आता काही आहे का?’, ‘कोणी खाल्ले ते आपल्याला माहीत आहे का?’ असे नेमके विचारा. सूचना छोट्या वाक्यांत द्या आणि एका विद्यार्थ्याकडून परत म्हणवून घ्या. अरबी मातृभाषेच्या मुलांना ‘प’ आणि ‘ब’ यांतला फरक जड जातो, त्यांच्या लिपीत मोठी अक्षरे नाहीत आणि लिहिताना ते स्वर गाळतात. हे माहीत असलेल्या उमेदवाराचा नमुना पाठ लगेच वेगळा दिसतो.

उच्चाराबाबत एवढेच की विलायती ढब आणण्याच्या भानगडीत पडू नये. आपल्या बोलण्यात अडते ते शब्दावरच्या आघातामुळे आणि ‘व्ही’-‘डब्ल्यू’ एकच केल्यामुळे. रोज तीन मिनिटे मोठ्याने वाचून रेकॉर्ड करा, ऐका, आघात चुकलेल्या शब्दांखाली रेघ ओढा. अमेरिकेतली अनेक विद्यापीठे पोहोचल्यावर स्वतःची तोंडी परीक्षा घेतात, त्यात मागे पडलेल्याला वर्ग न देता नुसते पेपर तपासायला बसवतात.

पेपर तपासणे हाही कामाचा मोठा भाग आहे. दोन वर्गांचे मिळून चाळीस निबंध आणि एकेकाला दहा मिनिटे धरली तर पावणेसात तास जातात, म्हणजे आठवड्याच्या २० तासांतला तिसरा हिस्सा. म्हणून गुणदानाचा तक्ता आधी समोर ठेवावा, प्रत्येक चूक लाल न करता दोन-तीन प्रकारच्या चुकांवरच खूण करावी. आणि नावानिशी गुणयादी सूचनाफलकावर लावण्याची आपली पद्धत तिथे चालत नाही. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याचे गुण इतरांना उघड करता येत नाहीत. पालकांचा ईमेल आला तरी गुण सांगू नयेत.

एजंटाबद्दल थोडक्यात. परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट परवानाधारक आहे की नाही ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसते. त्याला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. ‘आत्ता व्हिजिट व्हिसावर जा’ म्हणाला की उठून यावे. कराराची अरबी प्रत असेल तर वाद झाल्यास तीच ग्राह्य धरतात, म्हणून इंग्रजी प्रतीवर सही करण्यापूर्वी तास, घर, तिकीट, विमा आणि नोटिशीची मुदत दोन्हींत एकच आहे का, हे भाषा जाणणाऱ्याकडून तपासून घ्यावे.

शहरातल्या महाविद्यालयांकडे आमची मागणी साधी आहे. अमेरिकी विद्यापीठांच्या अर्जाच्या मुदती बहुधा डिसेंबर-जानेवारीत संपतात आणि त्याच्या आधीचे ऐन कामाचे दिवस आपल्या दिवाळीच्या सुट्टीत जातात. प्रत्येक महाविद्यालयाने पडताळणीच्या ईमेलसाठी एक कर्मचारी नावानिशी नेमावा, तो सुट्टीतही आठवड्यातून दोनदा इनबॉक्स पाहील अशी व्यवस्था करावी, आणि अनुभव प्रमाणपत्राचा वर सांगितलेला नमुना कार्यालयात तयार ठेवून अर्ज आल्यापासून आठ दिवसांत जावक क्रमांकासह द्यावा. याला शासनाची परवानगी लागत नाही, प्राचार्यांचे एक परिपत्रक पुरे.

आपले,
इंग्रजीच्या काही निवृत्त प्राध्यापकांच्या वतीने,
नाशिक