मदत उशिरा पोहोचते, ती कुठे अडते म्हणून?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात सोमवारच्या अंकात ‘गडावर अडकलेल्या तरुणांची बारा तासांनी सुटका’ अशा धर्तीची बातमी ठरलेली असते. मदत उशिरा आल्याची तक्रार आणि हेलिकॉप्टरची मागणी तिच्यासोबत येते. उशीर होतो हे खरेच आहे. तो नेमका कुठे होतो, ते मात्र कोणी लिहीत नाही.

आधी हेलिकॉप्टर. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा सांताक्रूझला दोन हेलिकॉप्टरे सज्ज होती. हवामानामुळे ती उडू शकली नाहीत. जे पोहोचले ते चिखलातून पायी चढून, आणि त्या चढावर नवी मुंबई अग्निशमन दलातील एकाचा मृत्यू झाला. घाटमाथ्यावर ढग टेकले की ड्रोनचीही तीच गत. दाट धुक्यात उष्णता टिपणारा कॅमेराही फारसे काही दाखवत नाही.

पहिले काही तास जातात ते जागा कळण्यात. ‘मोठ्या दगडापाशी आहोत, खाली धबधबा ऐकू येतो’ एवढ्यावर हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर कुणाला शोधणार? मोबाइलचे जीपीएस रेंज नसतानाही चालते. नकाशाच्या ॲपमध्ये दिसणारे अक्षांश-रेखांश एसएमएसने पाठवावेत; कॉल लागत नाही तिथून एसएमएस कधी कधी निघून जातो. त्यानंतर गटातला एकच फोन, तोही दर तासाला पाच मिनिटे, चालू ठेवावा. रेंज शोधत राहणारा फोन बॅटरी झपाट्याने संपवतो. (त्या एका फोनवर वीस नातेवाइकांनी ‘कसे आहात’ विचारू नये, ही हात जोडून विनंती.)

अक्षांश-रेखांश मिळाले तरी माणसे तिथेच थांबलेली हवीत. ती थांबत नाहीत. ओढ्याच्या कडेने उतरले की गाव लागते, या समजुतीने नाळेत, म्हणजे कड्यातून उतरणाऱ्या अरुंद घळीत, शिरतात. सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, जिन्यासारखा. नाळ एक-दोन टप्पे बरी उतरू देते आणि पुढच्या टप्प्याला थेट कड्याच्या ओठावर आणून सोडते. घसरत उतरलेला ओला कातळ परत चढता येत नाही आणि मागून पाणी वाढत असते. म्हणून शोधाच्या वेळी दोन-तीन जणांची हलकी तुकडी मळलेल्या वाटेने आणि दुसरी ढोरवाटा जाणणाऱ्या गावकऱ्यासोबत नाळांच्या तोंडांवर जाते. शिट्टी वाजवायची आणि मिनिटभर गप्प राहून ऐकायचे. अडकलेल्यांनी मिनिटात सहा वेळा शिट्टी मारून मिनिटभर थांबावे. उत्तर तीन शिट्ट्यांचे. धुक्यात कपाळावरच्या टॉर्चने डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी राहते, टॉर्च काढून कमरेपाशी धरावी.

सर्वांत जास्त गैरसमज गारठ्याबद्दल आहेत. सह्याद्रीत थंडीने कोण मरते, असे लोक विचारतात. हजार मीटर चढले की तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. त्यात ओली जीन्स, वारा आणि उपाशी पोट असले की बर्फाची गरज उरत नाही. माणसाला बटण लावता येत नाही, पाय अडखळतात, जीभ जड होते, तो उगाच चिडतो. मग थरथर थांबते, आणि सोबत्यांना वाटते, आता बरे वाटतेय. प्रत्यक्षात शरीराची उष्णता तयार करण्याची ताकद संपत आलेली असते. अशा माणसाला चालवू नये, चोळू नये, दारू तर नाहीच. हिसका बसला तरी हृदयाची लय बिघडू शकते. आधी वारा अडवावा. अंगाखाली सॅक, दोर, काहीही घालून त्याला जमिनीपासून तोडावे, ओले कपडे काढून कोरडे चढवावेत, वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळावा, तोंड उघडे ठेवून. फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली काखेत आणि छातीशी. पूर्ण शुद्धीत असेल, नीट गिळत असेल, तरच गोड चहा.

यानंतर उतरवणे. स्ट्रेचरला सहा जण लागतात आणि दहा-पंधरा मिनिटांत त्यांचे हात भरून येतात. म्हणजे तीन पाळ्यांचे अठरा, शिवाय पुढे वाट दाखवणारा, मागे दोर सांभाळणारे. दीड तासाच्या वाटेला सहा तास सहज लागतात. मध्ये कडा असेल तर ११ मिलिमीटरचे दोन दोर, दोन वेगळ्या आधारांना. मुरमावरचे झाड पावसात मुळांसकट येते. कातळ हातोडीने ठोकून खणखणीत वाजला तरच त्यात बोल्ट मारायचा, बद्द वाजला तर जागा बदलायची. कड्याच्या धारेवर दोराखाली गोणपाट हवेच.

हे सगळे करणारे स्वयंसेवक नोकरी-धंदा सांभाळून पुणे, मुंबई, नाशिकहून निघतात. पायथ्याला पोहोचायलाच त्यांना तीन-चार तास लागतात. पाचनई, खिरेश्वर, बारी, हर्षेवाडी अशा पायथ्याच्या गावांतले गावकरी त्याच्या आत वर पोहोचू शकतात, फक्त त्यांच्या हातात काही नसते. जिल्हा प्रशासनाने अशा प्रत्येक गावात एक संच ठेवावा: गुंडाळता येणारे स्ट्रेचर, साठ मीटर दोर, चार घोंगड्या, जाड प्लास्टिकचे दोन कागद, चार टॉर्च, शिट्ट्या, स्टोव्ह आणि थर्मास. आपत्तीत मदतीसाठी स्वयंसेवक तयार करणाऱ्या सरकारी ‘आपदा मित्र’ योजनेच्या प्रशिक्षणात गावातले वाटाडे घ्यावेत आणि त्यांचा विमा उतरवावा. आज ते पाय घसरून पडले तर खर्च त्यांचाच.

संच शाळेत ठेवू नये. ट्रेकर येतात शनिवार-रविवारी, तेव्हा शाळेला कुलूप आणि किल्ली गुरुजींबरोबर तालुक्याला. ट्रेकरांच्या जेवणाची सोय करणाऱ्या एखाद्या घरी ठेवावा, पण पत्र्याच्या पेटीत. गोणीत ठेवलेला दोर उंदीर कुरतडतात आणि ते कड्यावर गेल्यावर कळते. मे महिन्यात पेटी उघडून दोर हातभर-हातभर चाचपावा आणि तपासल्याची तारीख झाकणावर आतून लिहावी.

आपले,
सह्याद्रीत शोध व बचावाचे काम करणारे काही स्वयंसेवक