आपल्या देशाचे शंभर प्रश्न आपल्याला कोण विचारणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी लेक न्यू जर्सीत असते. २०२४ साली मी पाच महिने तिच्याकडं होते आणि नेमकी तेव्हाच तिची अमेरिकन सिटिझनशिपची परीक्षा आली. परीक्षा म्हणजे काय तर तिथलं सरकार १०० प्रश्नांची यादी उत्तरांसकट फुकट देतं, इंटरव्ह्यूला ऑफिसर त्यातले जास्तीत जास्त १० तोंडी विचारतो, ६ बरोबर आले की पास, शिवाय थोडं इंग्रजी वाचून आणि लिहून दाखवायचं. (ऑक्टोबर २०२५ पासूनच्या नव्या अर्जांना १२८ प्रश्नांची यादी आहे, २० विचारतात आणि १२ यावे लागतात.) वय ५५ आणि ग्रीन कार्डवर १५ वर्षं झाली असतील तर दुभाषा घेऊन आपल्या भाषेतही ही परीक्षा देता येते, म्हणजे मराठीतसुद्धा, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

संध्याकाळी ती पोळ्या लाटायची आणि मी ओट्याला टेकून प्रश्न वाचायची. सिनेटर, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहाचे सभासद, किती? शंभर. हाऊसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, मतदान करणारे मेंबर किती? चारशे पस्तीस. घटनेत दुरुस्त्या किती? सत्तावीस. पोळी तव्यावर टाकत टाकत उत्तरं यायची. पण कायद्याचं राज्य म्हणजे काय, हा प्रश्न आला तेव्हा तिनं लाटणं खाली ठेवलं आणि सावकाश सांगितलं की कायद्यापेक्षा मोठं कुणी नाही, पुढारी नाही आणि सरकारही नाही. मला फार बरं वाटलं ते ऐकून.

नातू तिथंच जन्मला, आठवीत होता, त्याला ही परीक्षा कधीच द्यावी लागणार नाही. एकदा सहज त्याला दहा प्रश्न विचारले तर पाच आले. सिनेटरची मुदत चार वर्षं म्हणाला, ती सहा असते. लेक म्हणाली, अरे देश तुझा आणि पाठांतर मी करतेय! पण तो एकटा नाही, २०१८ मध्ये तिथल्या एका फाउंडेशननं याच प्रश्नांवर सर्व्हे केला होता, त्यात जेमतेम ३६ टक्के अमेरिकन लोक पास झाले. ॲरिझोना राज्यानं तर २०१५ मध्येच कायदा केला की हायस्कूल पास व्हायचं तर हे शंभर प्रश्न सोडवून त्यातले साठ तरी बरोबर आले पाहिजेत.

मग नातवानं यादी माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाला, आजी आता मी तुला इंडियाचं विचारतो.

घटनेचे पहिले तीन शब्द? त्यांचं वी द पीपल, आपलं आम्ही भारताचे लोक, हे मला आलं कारण शाळेच्या प्रत्येक पुस्तकात उद्देशिका छापलेली असते आणि मुलांचा अभ्यास घेताना ती रोज डोळ्यासमोर असायची. दुरुस्त्या किती? नाही आलं. उत्तर आहे १०६, आणि ही शेवटची सप्टेंबर २०२३ ची, लोकसभेत आणि विधानसभांत बायकांना एक तृतीयांश जागा राखून ठेवणारी. बाई असून मला तिचा नंबर माहीत नव्हता. महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ जातात हे आलं, राज्यसभेवर १९ जातात हे नाही आलं. नागरिकशास्त्र आमच्या वेळी इतिहासाच्या शेपटाला लावलेलं असायचं, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचं आणि पेपर झाला की विसरायचं, त्यावरच आम्ही पुढची चाळीस वर्षं काढली.

त्या अमेरिकन यादीत एक प्रश्न असाय की ज्याचं ठरलेलं उत्तर छापलेलंच नाही. तुमचा प्रतिनिधी कोण? उत्तर ज्याच्या त्याच्या पत्त्याप्रमाणं बदलतं, ते आपलं आपण शोधायचं. नातवानं विचारलं, आजी तुमच्या वॉर्डाचा कोण? मी म्हणाले, कुणीच नाही. त्याला वाटलं मला येत नाही म्हणून सांगतेय, पण खरंच कुणी नव्हतं. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली होती आणि प्रशासक कारभार बघत होते. आधी कोविड, मग वॉर्डरचना आणि ओबीसी आरक्षणाच्या केसेस, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं आदेश दिले आणि शेवटी जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं. पाच वर्षं! इतर शहरांतही तीनचार वर्षं हेच चाललं होतं. घटनेच्या कलम २४३ यू मध्ये स्पष्ट लिहिलंय की महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. हे कलम आमच्या अख्ख्या अपार्टमेंटमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर पहिल्याच वर्षी चारचौघांनी विचारलं तरी असतं की निवडणूक कुठं अडलीय. आम्ही आपलं सरकारी काम म्हणून गप्प बसलो.

लेक पास झाली, शपथ झाली. आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही, दुसऱ्या देशाचं घेतलं की आपलं संपतं, म्हणून तिनं भारताचा पासपोर्ट सरेंडर केला आणि ओसीआय कार्ड घेतलं, त्यावर इथं येता येतं, राहता येतं, मत देता येत नाही. तो पासपोर्ट पाकिटात घालताना तिच्याकडं बघवत नव्हतं. जो देश तिनं घेतला त्याचे शंभर प्रश्न मी तिला रोज विचारत होते आणि जो सुटला त्याचा एकही प्रश्न आम्ही मायलेकींनी एकमेकींना कधी विचारला नव्हता, हे तेव्हापासून माझ्या मनात घर करून बसलंय.

एक गोष्ट स्पष्ट सांगते कारण असं लिहिलं की लगेच लोक म्हणतात परीक्षा घ्या आणि मगच मत द्या. तसं मुळीच नको. अमेरिकेतच दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या लोकांना मत देता येऊ नये म्हणून लिहावाचायच्या परीक्षा घ्यायचे, १९६५ च्या कायद्यानं ते मोडलं. आपण पहिल्याच निवडणुकीला, १९५१-५२ मध्ये, सतरा कोटींवर लोकांना मताचा हक्क दिला आणि तेव्हा पाचातल्या चौघांना लिहितावाचता येत नव्हतं. ते आपलं भूषण आहे, त्याला कुणी हात लावू नये.

मला हवीय फक्त ती यादी. शंभर प्रश्न, उत्तरांसकट, साध्या मराठीत, फुकट. अठरा पूर्ण झाली की पोरं फॉर्म ६ भरतात, मग त्यांचं मतदार कार्ड घरी येतं, त्याच पाकिटात ही पुस्तिका घाला. २५ जानेवारीला मतदार दिन असतो, त्या दिवशी कॉलेजात नुसती शपथ घेण्यापेक्षा त्यातले दहा प्रश्न एकमेकांना विचारा. आणि सरकार करेल तेव्हा करेल, तोवर आपल्या पेपरनं रोज एक प्रश्न उत्तरासकट छापावा, राशिभविष्याच्या शेजारी छापलात तर घरातले सगळे वाचतील. नुसत्या तारखा आणि थोरांची नावं नकोत, लोकांच्या कामाचं पाहिजे. ग्रामसभेत कोण बोलू शकतं, माहिती अधिकारात उत्तर किती दिवसांत द्यावं लागतं (३० दिवस), विधान परिषदेवर कोण कोण आणि कसं निवडून जातं, असलं.

शेवटचा प्रश्न तर आमच्या घरालाच लागू होता. विधान परिषदेच्या काही जागा पदवीधर निवडून देतात आणि कोल्हापूर पुणे पदवीधर मतदारसंघात येतं. आम्ही घरात चौघं पदवीधर आणि २०२० च्या निवडणुकीत एकानंही मत दिलं नाही, कारण नेहमीच्या यादीत नाव आहे म्हणजे झालं असं वाटायचं. तसं नसतं, पदवीधरांची यादी वेगळी, दर निवडणुकीला ती नव्यानं होते आणि प्रत्येक वेळी फॉर्म १८ भरावा लागतो. यावेळी चौघांनी भरलाय. मिस्टरांचं १९७९ चं शिवाजी विद्यापीठाचं सर्टिफिकेट ट्रंकेत माझ्या शालूखाली सापडलं, घडीवर फाटलंय पण नाव आणि वर्ष स्वच्छ दिसतंय, झेरॉक्स चांगली आली.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर