रबर घातलं म्हणजे झालं?

प्रिय सुध्या,

उत्तर न दिल्याबद्दल शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, साखर आटोक्यात.

भूकंपापासून इमारत कशी वाचवतात, यावरच्या तुझ्या व्याख्यानाचा मसुदा वाचला. १९०६च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोचा जुना सिटी हॉल पडला, १९१२ची आराखड्याची स्पर्धा बेकवेल अँड ब्राउन या वास्तुविशारदांनी जिंकली, १९१५ला नवा उभा राहिला, सगळं चोख. घुमट वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलपेक्षा, म्हणजे अमेरिकी संसदभवनापेक्षा, उंच, हे तीनतीनदा लिहिलंयस. 'घुमट म्हणजे निव्वळ मिरवणं' म्हणत माझ्याशी अबोला धरणारा तूच ना रे?

पण 'खाली रबर घातलं नि इमारत वाचली' या वाक्यानं माझी झोप उडवलीय. पोरं तेवढंच लक्षात ठेवतील. १९८९च्या लोमा प्रिएटा भूकंपात घुमट बुडाशी पिळला. १९९५ला इमारत बंद झाली ती १९९९ला उघडली. एवढा वेळ का, ते सांग. सुमारे ५३० बेअरिंगं, म्हणजे इमारत नि पाया यांच्यामध्ये घालायच्या गाद्या, बसवायची होती. खांबाचा भार आधी जॅकवर घ्यायचा, मग खांब बुडाशी कापायचा, बेअरिंग सरकवायचं, भार हळूहळू सोडायचा. जॅक कमीजास्त सुटले की शेजारच्या खांबावर बोजा येतो आणि वर विटांच्या भरावाला तडे जातात. बेअरिंगमध्ये रबराचे आणि पोलादी पत्र्यांचे थर, मधोमध शिशाचा गाभा. रबरामुळे इमारत संथ हलते, शिसं हादऱ्याची ताकद जिरवतं. शिसं नसेल तर ती उगाच डुलत बसेल, आपल्या विन्यासारखी!

खरी मेख इमारतीभोवतीच्या खंदकात. भोवताली मोकळी जागा राहिली तरच इमारत सरकेल, आणि तिला दीडदोन फूट सरकावं लागतं. तिथे कुणी राडारोडा भरला किंवा पक्की पायरी ओतली, की धडक बसून सगळा खर्च पाण्यात. पाण्याचे नि गॅसचे नळ खंदक ओलांडतात तिथे लवचिक जोड हवेत, नाहीतर इमारत शाबूत आणि तळघरात पाणी. शिवाय हादरा कमी होतो, नाहीसा नाही. म्हणून वरच्या भागातही काँक्रीटच्या भिंती घालाव्या लागल्या. हे गाळलंस तर तुझं व्याख्यान म्हणजे बेअरिंगवाल्यांची जाहिरात.

खंदकाचा छेद फळ्यावर काढ. तुझी रेघ सरळ येते, एवढं मान्य.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिरंजीवांना दहावीच्या शुभेच्छा. मसुदा सुधारलास की पाठव, आणि कॅपिटॉल एकदाच ठेव.

तुझा,
बाळ्या