तळण वेगळं आहे का, हे विचारून आलेल्या काकांस

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तुम्हालाच आहे, पण चारचौघांनी वाचावं म्हणून असं उघडं लिहितेय. फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही. मी सुरुवात केली की "ठेवतंय आता" म्हणता आणि खरंच ठेवून देता. लिहिलेलं मात्र कापता येत नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही बार्सिलोनाला उतरू. कॅम्परव्हॅन, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, ताब्यात घेऊ आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून जेनोआपर्यंत जाऊ. ह्यांनी निवृत्तीच्या दोन वर्षं आधीपासून यासाठी एक वही केली होती. प्रत्येक पानावर एक गाव, गावाखाली एक पदार्थ. लेस्काला आणि कोलिऊर इथल्या खारवलेल्या अँचोव्ही, म्हणजे छोटी मासळी. बुझीगची कालवं. सेतची तिएल, म्हणजे ऑक्टोपसचं सारण भरलेली लालसर कचोरीच म्हणायची. मार्सेयचं बुयाबेस, म्हणजे माशांचा रस्सा. वही बघून मी एकदाच म्हटलं, "सगळं छान आहे, पण यात माझं पान कुठलं?" हे म्हणाले, "तुला मिळेल गं काहीतरी."

हे सीकेपी, मी देशस्थ. लग्नाला एकतीस वर्षं झाली. ओट्याखाली दोन कढया आहेत, एक ह्यांच्या सुरमईची, एक माझ्या भज्यांची. तळणाची तेलंही वेगळी, त्यावर झाकण्याही वेगळ्या. यावरून घरात कधी भांडण झालं नाही, कारण ते सांभाळायचं काम पहिल्यापासून माझ्याकडेच.

तुमच्याआधी आम्ही कुणाकुणाला विचारलं ते सांगते, म्हणजे मी एवढं का लिहितेय ते कळेल. पुण्यातल्या एका टूरवाल्याकडे गेलो. त्यानं व्हॅनचं नाव ऐकूनच मान हलवली आणि बसची सहल पुढे केली. "मॅडम, व्हेजचं टेन्शनच नाही, रोज रात्री इंडियन डिनर!" भूमध्य समुद्राच्या काठी बसून मी पनीर बटर मसाला खावा, अशी त्याची योजना होती. मग जर्मनीतला आमचा भाचा. "मामी, मी आहे ना, बिनधास्त राहा," म्हणाला आणि जो गायब झाला तो दिवाळीच्या शुभेच्छांना उगवला. प्रवासाची आवड असलेल्या ओळखीच्यांना विचारलं, तर चाळीसेक उत्तरं आली आणि सगळ्यांचा सूर एक: तिकडे शाकाहाऱ्यांचे हालच होतात, दशम्या, मेतकूट आणि खाकरे घेऊन जा. कुणी वाईट बोललं नाही. पण मी सहलीला निघालेय की बंदोबस्ताच्या ड्युटीला, असं वाटायला लागलं होतं.

ह्यांच्या मित्राच्या मेहुण्याकडून तुमचा नंबर मिळाला. मूळचे वेंगुर्ल्याचे, जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, होते, आता किती तरी वर्षं मार्सेयला असतात, एवढंच माहीत. पहिल्या फोनवर ह्यांनी तुम्हाला पाऊण तास वही वाचून दाखवली. तुम्ही मधेमधे दुरुस्त्या केल्यात. बुयाबेसच्या नावाखाली बंदरावर काहीही खपवतात, तिथल्या काही हॉटेलवाल्यांनी म्हणूनच १९८० साली नियमावली केली, ठरलेल्या माशांपैकी निदान चार जाती हव्यातच, मासे तुमच्यासमोर कापून द्यायचे आणि रस्सा वेगळा वाढायचा. हे भराभर लिहून घेत होते. मी समोर बसून शेंगा सोलत होते, फोन स्पीकरवर होता. आणि तुम्ही मधेच थांबून म्हणालात, "तां सगळा ऱ्हवांदे. वयनी, तुमी काय खातास?"

काका, मला चटकन उत्तरच देता आलं नाही. मी म्हटलं, "माझं काही नाही, माझं चालतं."

तुम्ही म्हणालात, "चालता म्हणजे काय?"

मग मी सांगितलं. अंडं नाही, मासळी नाही, आणि हसू नका, पण मासळीच्या तेलात तळलेलंही नाही. तुम्ही हसला नाहीत. "बरां" म्हणालात आणि पुन्हा बुयाबेसवर गेलात. मला वाटलं, विषय संपला.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोटो आला. कागदाच्या पुडीत सोनेरी गोल चकत्या, त्यातली एक अर्धी खाल्लेली. खाली तुमचा आवाज, मागे रहदारी आणि समुद्राचा वारा. मार्सेयच्याच लेस्ताक भागात गेला होतात. त्या चकत्यांना पानिस म्हणतात. चण्याचं पीठ पाण्यात शिजवायचं, वळकटी करून गार करायची, चकत्या कापून तळायच्या. म्हणजे आमची पाटवडीच, थापायच्या ऐवजी वळलेली आणि वर तळलेली! हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी तुम्ही म्हणालात, "तळण वेगळा आसा. इचारलंय, आनि उभ्यान बघितलंय पण."

ते "उभ्यान बघितलंय" मी त्या दिवशी चार वेळा ऐकलं. बहात्तर वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात म्हणून जिने टाळणारा, न पाहिलेल्या एका बाईसाठी टपरीसमोर उभा राहतो आणि कालमारी, म्हणजे माकूळ, त्याच कढईत पडते का ते बघतो. एकतीस वर्षं ज्या कढईची काळजी मी एकटी करत आले, तिची चौकशी कुणीतरी मार्सेयला उभं राहून केली. आमचे हे मोठे भले आहेत, पण हा प्रश्न त्यांना अजून सुचलेला नाही. (हे पत्र तेही वाचणार आहेत.)

आमच्या कराडच्या वाड्यात पंगत असली की वाढायला एक आत्या असायच्या. शंभर पानं मांडलेली असोत, त्यांना माहीत असायचं की कोपऱ्यातल्या म्हातारीची आज एकादशी आहे. तिला काही मागावं लागायचं नाही, भगर आधीच आलेली असायची. त्या गेल्यावर पंगती झाल्या, बुफे झाले, मेन्यूही वाढले, पण तसं कुणी पुन्हा भेटलं नव्हतं.

त्यानंतर वहीचं रूपच बदललं. नीसच्या पानावर आता सोका आहे: चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, तांब्याच्या मोठ्या परातीत भट्टीत भाजायचं आणि वर मिरपूड. पुढे जेनोआला तिचीच बहीण फारिनाता. बेसनाचं धिरडं खायला इतक्या लांब जायचं, म्हणून शेजारणी हसतायत. हसू देत. पिसालादिएर हा तिकडचा पाव दिसायला निव्वळ कांद्याचा असला तरी त्यात अँचोव्ही असते, तेवढी विचारून घ्या, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायचं द्रव्य, असतं, हे लपवलं नाहीत. तुम्हाला ते सहज गाळता आलं असतं, मला कळलंही नसतं. जेनोआच्या पेस्तोत, म्हणजे बेसिलच्या चटणीत, हे चीज असतं, म्हणून तो चीजशिवाय मागायचा, असं मी दोन दिवस विचार करून ठरवलंय. जेनोआचे लोक काय म्हणतील ते म्हणोत.

व्हॅनच्या बाकी भानगडी तुम्ही एकेका वाक्यात निकालात काढल्यात. स्पेनमध्ये खुर्ची बाहेर मांडली की मुक्काम, आत बसलात की नुसतं पार्किंग. फ्रान्समध्ये किनाऱ्यावरच्या पार्किंगला दोन मीटरच्या आसपास आडवा दांडा असतो, आधी वर बघा, मग आत शिरा. आणि येताना तोच रस्ता कशाला, जेनोआहून गाडी बोटीत चढवा, एक रात्र समुद्रात काढा, बार्सिलोना येतं. जहाजावरच्या माणसालाच हे सुचायचं.

दूध-तुपाचं काही आणू नका, विमानतळावर काढून घेतात, असं बजावलंत, म्हणून पेढे रद्द. तुम्ही "काय नको" म्हणालात तेही ऐकलंय, पण ते मानणार नाही. खालच्या मजल्यावरच्या मालवणच्या बाईंकडून मसाल्याचं प्रमाण लिहून घेतलंय. मी स्वतः हा मसाला कधी केलेला नाही, चाखून बघणारही हेच. रविवारी भाजायला घेतेय. बेडगी आणि संकेश्वरी निम्मी-निम्मी घेऊ, की तुम्हाला संकेश्वरी जास्त लागते, तेवढं शनिवारपर्यंत कळवा.

तुमची,
वयनी