मनू, मलम बंद करू नकोस

सांगली, रविवार

चि. मनू, अनेक आशीर्वाद.

मलम बंद करू नकोस. बाकीचं सावकाश वाच, पण एवढं आधी. काल रात्री तू फोनवर रडत होतीस, "बाबा, चेहऱ्याला तिखट चोळल्यासारखं झोंबतंय" म्हणत होतीस, तेव्हा मी फार बोललो नाही. आग होत असलेल्या माणसाला त्या वेळी समजावणी नको असते. आज दुकान बंद आहे, म्हणून निवांत लिहितो.

टॅक्रोलिमस, म्हणजे चेहऱ्यावरच्या इसबासाठी तुला दिलेलं हे मलम, लावल्यावर सुरुवातीला आग होते, हे आम्हा औषधवाल्यांना आणि डॉक्टरांना ठाऊक असतं. ओपीडीच्या गर्दीत पेशंटला ते नीट सांगायचं राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं. कारण मग माणूस दोन दिवसांत ट्यूब फेकून देतो. तुला दिलंय ते ०.१ टक्क्याचं मलम. मोठ्या माणसांवर त्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा निम्म्याहून जास्त जणांनी आग होते असं सांगितलं. ज्यांना औषध न घातलेलं नुसतं मलम दिलं होतं, त्यांच्यातही साधारण चारातल्या एकाला जळजळलंच. इसबाने त्वचा इतकी हुळहुळी झालेली असते की तिला काहीही झोंबतं. पण त्याच चाचण्यांत असंही दिसलं, की बहुतेकांची आग दोन मिनिटांपासून तीन तासांपर्यंत टिकली आणि निम्म्या वेळा तर पंधरा मिनिटांच्या आतच शमली. पहिले काही दिवस ती सगळ्यात जास्त असते. चट्टे भरत आले की कमी होत जाते.

तिखट चोळल्यासारखं, हे तू अगदी बरोबर सांगितलंस. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांना उष्णता ओळखणारी एक जागा असते, तिला टीआरपीव्ही-वन म्हणतात. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं तिथेच जाऊन बसतं. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली ती शोधून काढली आणि २०२१ मध्ये त्यांना त्या कामासाठी नोबेल मिळालं. टॅक्रोलिमसही त्याच तंतूंना डिवचतं असं मानलं जातं. डिवचलेले तंतू आपल्याजवळचा 'सबस्टन्स पी' नावाचा पदार्थ बाहेर टाकतात आणि आग होते. रोज मलम लागत गेलं की तो साठा रिता होतो आणि तंतू शांत होतात. खाजेचा निरोपही हेच तंतू नेतात, म्हणून आग थांबते त्या सुमारास खाजही उतरते. चटणीच्या दिवसांत मिरची कुटायच्या डंखावर काम करणाऱ्या बायकांच्या हातांची रात्रभर आग होते, पण हातावर कुठे भाजल्याची खूण नसते, तसंच हे समज. आग खरी आहे, ती तुझ्या मनाचे खेळ नाहीत. पण तुझी कातडी भाजत नाहीये.

आता मुकाट्याने सहन कर, असं मी मुळीच म्हणणार नाही. आग कमी करता येते. नागपुरातला मे महिना आणि तुमच्या हॉस्टेलच्या खोल्या, यात ट्यूब टेबलावर ठेवलीस तर तीच तापते. मेसमधल्या फ्रीजमध्ये ठेवायला माग, खालच्या कप्प्यात, बर्फाच्या खणात नको. मॉइश्चरायझरही तिथेच ठेव. आंघोळीला कोमट पाणीच घे, कडक नको. आंघोळीनंतर लगेच मलम लावू नकोस, ओल्या आणि गरम त्वचेवर ते जास्त झोंबतं. सुती पंचाने नुसतं टिपून घे आणि अर्धा तास जाऊ दे. लावण्याआधी पातळ कापडात गुंडाळलेला गार पॅक पाच-सात मिनिटं गालांवर धर. मलम पातळ, नुसती झाक येईल एवढंच. थर दिल्याने लवकर बरं होत नाही. लावलं की उन्हात जायचं नाही, त्यावर पट्टी बांधायची नाही, हात धुवायचे. रात्रीचं लावणं घामाच्या वेळी नको, खोली गार झाल्यावर, झोपण्याच्या थोडं आधी ठेव. आणि एक, हे मलम चालू असताना दारू घेतली तर काहींचा चेहरा लालबुंद होऊन तापतो. मी तुझी चौकशी करत नाही, पण तुला माहीत असायला हवं.

काल तू साबण लावून चेहरा खसखसून धुतलास, त्याने आग वाढली असणार. पुन्हा तसं वाटलं तर गार पाण्याचा कपडा ठेव, चोळू नकोस. कोरफड, तुरटी, लिंबू, टूथपेस्ट, कुणी काहीही सुचवलं तरी सध्या चेहऱ्याला लावायचं नाही.

मैत्रिणीने देऊ केलेल्या त्या दुसऱ्या ट्यूबबद्दल मला जास्त काळजी वाटते. "दोन दिवसांत चेहरा साफ होतो" असं ती म्हणाली, आणि ते खरंही असेल. त्यात क्लोबेटासॉल आहे, फार जोरदार स्टेरॉइड. दुकानात लोक अशी रिकामी ट्यूब घेऊन येतात, "हीच द्या" म्हणतात. नायट्याला, मुरमांना, गोरं व्हायला, सगळ्याला तीच. महिनोन्महिने चेहऱ्यावर लावून कातडी पातळ होते, खालच्या बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, पुळ्या येतात, आणि बंद केलं की चेहरा पहिल्याहून लाल होतो. मग माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. देशभरचे त्वचारोगतज्ज्ञ याविरुद्ध वर्षानुवर्षं बोलत आले, तेव्हा कुठे २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत, घातली. तरीही चिठ्ठीशिवाय ती सर्रास विकली जातात. स्टेरॉइड वाईट असतं असं नाही. लहानपणी तुझ्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खोबणीत इसब चिघळायचं, तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉइडनेच तुला झोप लागायची. पण चेहरा आणि पापण्यांची कातडी नाजूक असते, तिथे ते फार दिवस चालत नाही. टॅक्रोलिमसने कातडी पातळ होत नाही, म्हणून तर डॉक्टरांनी ते निवडलं.

ट्यूबच्या खोक्यातल्या कागदावर कॅन्सरचा उल्लेख वाचून तू हादरलीस, तेही कळलं. हे औषध मूळचं जपानचं, त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून १९८४ साली मिळालेलं. बदललेलं लिव्हर किंवा किडनी शरीराने नाकारू नये म्हणून ते पोटात देतात, आणि त्या मोठ्या मात्रेत धोका असतो. त्याच भीतीने अमेरिकेत २००६ मध्ये मलमावरही इशारा छापायला लावला. मलमातून रक्तात जातं ते अगदी थोडं. नंतर हे मलम वापरलेल्या सुमारे ८,००० मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं, त्यांच्यात कॅन्सर अपेक्षेपेक्षा जास्त आढळला नाही. तरी तुझ्या मनात शंका असेल तर डॉक्टरांना थेट विचार, तो तुझा हक्क आहे.

थांबायचं कधी, हेही नीट ऐक. ओठ किंवा डोळे सुजले, श्वास लागला, तर मलम लगेच बंद आणि तडक हॉस्पिटल. पू झाला, किंवा पाण्याच्या बारीक फोडांचे झुबके उठून ताप आला, तर मलम थांबवून त्याच दिवशी डॉक्टर. आठवड्यानंतरही आग कमी न होता वाढत गेली तरी जायचंच. आणि यातलं काही नसून तुला नुसतं सोसत नसेल, तरीही फोन कर त्यांना. ते ०.०३ टक्क्याचं देऊ शकतात, किंवा आधी थोडे दिवस सौम्य स्टेरॉइडने सूज उतरवून मग हे सुरू करू शकतात. अशा वेळी मार्ग असतो, फक्त तो त्यांनी ठरवायचा, मैत्रिणीने नाही आणि मीही नाही.

प्रेझेंटेशनला चेहरा असा घेऊन उभी राहणार नाही म्हणालीस. तुझ्या मॅडमना खरं कारण सांगून तारीख पुढे माग, त्यात कमीपणा नाही. उभी राहावीशी वाटली तर मेकअप न करता राहा.

रोज सकाळी खिडकीच्या उजेडात एक फोटो काढून ठेव, शुक्रवारी डॉक्टरांना दाखव. रात्री आग झाली तर कितीही वाजता फोन कर, मी फोन उशाशी ठेवतो. आईने सुती अभ्रे कुरिअरने पाठवलेत, कोरे आहेत, वापरण्याआधी एकदा धुऊन घे.

तुझे,
बाबा